गावभागातल्या सोप्यात 43 इंची टीव्ही: एका खरेदीचं प्रकरण

मी सांगलीत टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. अलीकडे दुकानात येणाऱ्यांपैकी बरेचजण दुरुस्तीला येतच नाहीत, "नवीन कुठला घेऊ?" एवढंच विचारायला येतात. त्यांना एक नाव हवं असतं, कंपनीचं किंवा मॉडेलचं. नाव सांगून प्रश्न सुटत नाही, कारण टीव्ही कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीवर, कोणासाठी लागणार हे नावात नसतं. टीव्हीची निवड घरात करायची असते, दुकानात फक्त तपासणी. हे माझं ठाम मत आहे, आणि ते नीट समजावं म्हणून एका घराची खरेदी सुरुवातीपासून मांडतो. घरच्यांची संमती घेतली आहे, नावं दिलेली नाहीत.

घर गावभागातलं, म्हणजे सांगलीच्या कृष्णाकाठच्या जुन्या वस्तीतलं, जुनं. खाली सोपा, म्हणजे दारातली पहिली खोली, मग माजघर, स्वयंपाकघर, वर माडी. घरातले कर्ते अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, आता घरीच असतात. काकू, कुपवाड एमआयडीसीत नोकरी करणारा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी सून, शाळकरी नातू आणि ऐंशी ओलांडलेल्या आजी, म्हणजे अण्णांच्या आई. 2025 च्या नवरात्राच्या तोंडावर त्यांच्या 32 इंची एलईडी टीव्हीचं चित्र गेलं. आवाज येत होता. मुलानं नवीन टीव्ही घ्यायचा ठरवून टाकलं होतं, अण्णांनी मला बोलावलं. एकूण खर्च, म्हणजे टीव्ही आणि त्याच्याबरोबर जे काही लागेल ते सगळं धरून, 45 हजारांच्या वर जाऊ द्यायचा नाही अशी त्यांची अट होती.

आधी जुना

सोप्यातला दिवा बंद केला, टीव्ही चालू ठेवला आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला चिकटवून तिरका धरला. उजेडाच्या त्या गोलात बातम्या सांगणारीचा चेहरा पुसट दिसत होता. पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, शाबूत होतं, मेनबोर्ड शाबूत होता, गेली होती ती मागची बॅकलाइट. एलईडी टीव्ही म्हणजे मुळात एलसीडीच, चित्र काचेवर तयार होतं आणि मागून पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या त्याला उजेड देतात. पट्टीतला एक दिवा गेला तरी अख्खी ओळ बंद पडू शकते. पट्ट्या बदलायचं काम पॅनेल बदलण्याच्या मानानं फार स्वस्त असतं, या टीव्हीला 1,800 रुपयांत झालं. पॅनेल गेलं असतं तर मीच दुरुस्त करू नका म्हणालो असतो, कारण पॅनेलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळपास जाते.

पट्ट्या लवकर का जातात हेही त्या घरात दिसलं. टीव्ही पहिल्या दिवसापासून दुकानातल्याच सेटिंगवर होता, बॅकलाइट 100 वर. सोप्यात एवढ्या उजेडाची गरजच नाही. 55-60 वर ठेवली तर डोळ्यांना बरं आणि पट्ट्यांनाही. दुरुस्त केलेला 32 इंची नातवासाठी माडीवर गेला आणि तिथं तो चांगला चालतोय.

मग नवीन घ्यायचाच कशाला? कारण आजींना 32 इंचावर खालची पट्टी वाचता येत नव्हती, आवाज कळत नव्हता, आणि मुलाला रात्री चित्रपट बघायचे होते. गरज खरी होती.

घरात काय बघतात

पहिलं काम म्हणून सुनेला विचारलं, दिवसभर या टीव्हीवर काय लागतं? सकाळी अभंग आणि कीर्तन, यूट्यूबवर. दुपारी बातम्या. संध्याकाळी सातपासून मराठी मालिका, सलग. मॅच असली की अण्णा आणि मुलगा. रात्री दहानंतर मुलगा आणि सून, ओटीटी. म्हणजे टीव्ही जेवढा वेळ चालतो त्यातला मोठा भाग केबलच्या सेटटॉप बॉक्समधून येणाऱ्या साध्या चॅनेलचा.

इथं एक हिशेब सगळ्यांनी करून बघावा. साध्या, म्हणजे एसडी चॅनेलचं चित्र फार तर 720 गुणिले 576 ठिपक्यांचं असतं, साधारण 4 लाख 15 हजार ठिपके. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर 3840 गुणिले 2160, म्हणजे 82 लाख 94 हजार ठिपके. बरोबर वीस पट. केबलमधून आलेल्या एका ठिपक्याचे वीस ठिपके टीव्हीला स्वतःच्या अंदाजानं भरावे लागतात. पडदा जितका मोठा तितका तो अंदाज उघडा पडतो. "मोठा टीव्ही आणला आणि चित्र आधीपेक्षा खराब दिसतंय" ही तक्रार घेऊन जे येतात त्यांच्या टीव्हीत बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं.

या घरातला सेटटॉप बॉक्स अजून जुना एसडी होता, आणि टीव्हीला पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरीनं जोडलेला. ती पिवळी वायर म्हणजे चित्राची सगळ्यात कमकुवत वाट. मी अण्णांना स्पष्ट सांगितलं, की बॉक्स बदलणार नसाल तर टीव्हीवर 5 हजार घाला नाही तर 50 हजार, मालिका आहे तशीच दिसणार. एचडी बॉक्स, एचडीएमआय वायर, आणि जी दोन-तीन मराठी चॅनेल रोज लागतात त्यांच्या एचडी आवृत्त्या. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी या तिन्हींची एचडी चॅनेल आहेत. एचडी प्रसारणात 1920 गुणिले 1080 ठिपके येतात, एसडीच्या पाचपट. महिन्याचा खर्च थोडा वाढतो. सगळं पॅकेज एचडी करायची गरज नाही, जे बघता तेवढंच करा. केबलवाल्यानं बॉक्स बदलून दिला तेव्हा त्याचं आउटपुट 576 वरच सेट होतं, ते बॉक्सच्या मेनूत जाऊन 1080 केलं. हे कोणी आपणहून करून देत नाही, बघून घ्यावं लागतं.

अंतर, खिडकी आणि आजींचा दिवाण

मुलाचं म्हणणं होतं, "अहो काका, ह्याच पैशात 55 इंची येतोय की ऑनलाइन. मग 43 कशाला घ्यायचा?"

टेप काढली. बसायची जागा ते टीव्हीची भिंत, नऊ फूट. नुसत्या अंतराकडे बघितलं तर त्याचं म्हणणं चूक नव्हतं. नऊ फुटांवरून 55 इंची अजिबात मोठा होत नाही. पण उलटाही हिशेब असतो. निरोगी डोळा एका अंशाचा साठावा भाग एवढा बारकावा ओळखतो. 43 इंची पडद्याची रुंदी 95 सेंटिमीटर, त्यावर फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच फुटांपलीकडून तो ठिपका सुटा दिसत नाही. म्हणजे नऊ फुटांवर 43 इंचात फुल एचडी आणि फोर-के यांत डोळ्याला फरक कळायचा नाही. फोर-के घेतला तो यासाठी, की या मापात चांगल्या पॅनेलचे, नव्या प्रोसेसरचे सेट आता फोर-केमध्येच येतात, फुल एचडीत बहुधा तळाचा माल उरलाय. जास्त ठिपक्यांसाठी वेगळे पैसे मोजावेत असं मात्र या घरात काही नव्हतं.

पॅनेलचा निकाल लागला तो आजींच्या दिवाणावरून. दिवाण सोप्याच्या उजव्या भिंतीला आहे. आजी तिथंच बसतात, तिथंच पडतात आणि टीव्ही सगळ्यात जास्त वेळ त्याच बघतात, तिरक्या, साधारण 45 अंशांतून. एलसीडीच्या पॅनेलचे ढोबळ दोन प्रकार आहेत. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद येतो, काळ्या-पांढऱ्यातलं प्रमाण तीन हजारास एक किंवा त्याहून जास्त, म्हणून अंधारात चित्रपट बघायला ते छान. पण बाजूनं बघितलं की रंग फिके पडतात, चेहरे पांढुरके होतात. आयपीएस पॅनेलमध्ये ते प्रमाण हजारास एकच्या आसपास, काळा रंग राखाडीकडे झुकतो, पण बाजूनं बघणाऱ्यालाही जवळपास तेच चित्र दिसतं. समोर बसून रात्री बघणाऱ्या दोघांसाठी व्हीए योग्य, दिवाणावरच्या आजींसाठी आयपीएस. जी व्यक्ती दिवसभर टीव्हीसमोर असते तिची सोय आधी, असं मी म्हणालो. सुनेनं लगेच दुजोरा दिला, मुलगा थोडा नाराज झाला.

सोप्याचं दार आणि खिडकी टीव्हीच्या समोर येतात. दुपारी उघड्या दारातून पडद्यावर अख्खा रस्ता दिसायचा. म्हणून चकचकीत काचेचा पडदा बाद, मंद पृष्ठभागाचा हवा. ओएलईडीचा विचार बजेटमुळे आधीच सुटला होता. क्यूएलईडी हे नाव ऐकून मुलगा दोघांत गोंधळला होता, ते निस्तरावं लागलं. क्यूएलईडी हा एलसीडीच आहे, बॅकलाइटच्या पुढे क्वांटम डॉटचा थर असतो आणि त्यानं रंग जास्त भरतात. काळा रंग त्यानं सुधारत नाही आणि बाजूचं चित्रही सुधारत नाही. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, ती गोष्टच निराळी.

पूर

हा भाग सांगलीबाहेरच्या वाचकाला जादा वाटेल, आम्हाला नाही. गावभागात तळमजल्यावर राहणारं घर कुठलीही मोठी वस्तू घेताना कृष्णेचा विचार करतंच. आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. या घराच्या सोप्यात तेव्हा छातीला लागेल एवढं पाणी होतं. पिक्चर ट्यूबचा जड टीव्ही दोघांना उचलून अरुंद जिन्यानं वर नेता आला नाही, तो गेला. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं. 32 इंची वाचला, पण वीज बंद, अंधार, भिंतीवरच्या ब्रॅकेटचे स्क्रू गंजलेले आणि पान्हा सापडेना, अशा अवस्थेत अण्णांनी तो ओढून काढला होता. भिंतीत स्क्रूसाठी ठोकलेला प्लग त्याच्याबरोबर बाहेर आला.

म्हणून इथं वजन बघितलं. 43 इंची सेट स्टँडशिवाय साधारण सात-आठ किलोचा भरतो, एकटा माणूस धरू शकतो. 55 इंची त्याच्या दुपटीच्या आसपास जातो आणि 122 सेंटिमीटर रुंद असल्यानं जिन्याच्या वळणावर दोघांनाही फिरवता येत नाही. पातळ पॅनेलला वजनापेक्षा पीळ जास्त मारतो, एक कोपरा धरून उचलला की आत काच तडकते आणि बाहेर काही दिसतही नाही.

ब्रॅकेट हुकाचं घेतलं. भिंतीवर आडवी पट्टी, टीव्हीच्या पाठीला दोन उभ्या पट्ट्या, त्या वरून अडकतात आणि खाली दोन स्क्रूनं कुलूपबंद होतात. दोन स्क्रू सैल केले की टीव्ही वर उचलून निघतो. जुन्या घराची भिंत मातीच्या जुडाईची, वर प्लॅस्टर. कंपनीचा फिटर सहा मिलिमीटरचे प्लग घेऊन आला होता, ते पहिल्याच भोकात फिरायला लागले. मग जाड प्लायवूडची फळी लांब अँकर बोल्टनं भिंतीला धरली आणि तिच्यावर पट्टी बसवली. फिटरला हे वेळखाऊ वाटलं, पण त्याला थांबवून करून घेतलं. विजेचा बोर्डही वर नेला.

बसवून झाल्यावर त्याच दिवशी अण्णा आणि मुलगा यांच्याकडून टीव्ही काढून माडीवर नेऊन परत आणून घेतला. तेव्हा कळलं, की मूळ खोक्यात घातलेला टीव्ही वळणावर अडकतो. नुसता टीव्ही, चादरीत गुंडाळून, उभा धरला की जातो. म्हणून खोकं आणि त्यातले थर्माकोल माडीवरच ठेवून दिले, टीव्ही वर गेला की त्यात उभा राहील. आडवा गादीवर ठेवायचा नाही आणि त्यावर कपड्यांचं गाठोडं तर मुळीच नाही. पुराच्या धांदलीत असे फुटलेले पॅनेल मी भरपूर पाहिलेत, आणि फुटलेलं पॅनेल वॉरंटीत बसत नाही.

दुकानात

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये आम्ही सगळे गेलो, आजी सोडून. भिंतभर टीव्ही, प्रत्येकावर पोपट, धबधबे, रंगीत फुगे. ही चित्रफीत खास फोर-केमध्ये चित्रित केलेली असते आणि सेट भडक रंगांच्या डायनॅमिक मोडवर असतात. यावरून निवड करू नये. सेल्समनला केबल जोडायला सांगितलं, तर जोडणी नाही म्हणाला. मग टीव्हीतलं यूट्यूब उघडून काकू रोज बघतात त्या मालिकेचा एक भाग लावला आणि क्वालिटीत जाऊन 480 केली. साध्या चॅनेलचं चित्र जवळपास असंच असतं. तीन सेटवर तोच प्रसंग, तोच क्षण थांबवून बघितला.

पहिला 55 इंची, कमी ओळखीच्या कंपनीचा. नायिकेच्या कपाळावरच्या टिकलीभोवती पांढरी कडा आली होती आणि साडीचे काठ थरथरत होते, कारण शार्पनेस कमालीवर. दुसरा 50 इंची व्हीए. काळे केस अगदी काळे, समोरून बघायला तिन्हींत उजवा. पण चित्रातले कण, म्हणजे नॉइज, काढायच्या नादात प्रोसेसरनं गालाचा सगळा पोत पुसून टाकला होता, चेहरा मेणाचा झाला होता. सेटिंगमध्ये नॉइज रिडक्शन कमी केल्यावर बरंच सुधारलं. मग सुनेला दिवाणाच्या कोनात उभं केलं. "केस राखाडी दिसायला लागले की हो," ती म्हणाली. तिसरा 43 इंची, आयपीएस. काळा कमी काळा, पण टिकली गोल, काठ स्थिर, आणि सून होती तिथून आणि मी होतो तिथून चेहऱ्याचा रंग एकच. मॉडेलच्या माहितीपत्रकात पॅनेलचा प्रकार बहुधा छापलेला नसतो. बाजूला जाऊन बघणं हाच खात्रीचा उपाय.

खोक्यावरच्या बाकीच्या आकड्यांपैकी काहींवर वेळ घालवू नये. मोशन 120, 200 वगैरे लिहिलेलं असतं, तरी या किमतीत पॅनेल बहुधा 60 हर्ट्झचंच, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणारं असतं. एचडीआरचा, म्हणजे उजळ आणि गडद भाग जास्त खुलवणाऱ्या तंत्राचा, शिक्का सगळ्यांवर असतो, पण एचडीआर खरा दिसायला लागणारी चमक या किमतीच्या पॅनेलमध्ये नसते. बघायचं ते हे: रॅम निदान 2 जीबी, साठवण 8 ऐवजी 16 जीबी असेल तर उत्तम, कारण अ‍ॅप भरत गेली की रिमोट दाबून वाट बघावी लागते. एचडीएमआय तीन, त्यातलं एक एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरकडे नेणारं. गूगल टीव्ही, टायझन, वेबओएस यांतलं काहीही चालेल, या घराला लागणारी अ‍ॅप तिन्हींवर आहेत.

आजींसाठी एक गोष्ट मी दुकानातच तपासली. टीव्ही चालू केल्यावर होम स्क्रीन येतो, का शेवटी लावलेलं इनपुट, म्हणजे इथं थेट केबलचा बॉक्स? सेटिंगमध्ये शेवटचं इनपुट ठेवायची सोय आहे का? पहिल्या सेटमध्ये नव्हती. ती नसेल तर ज्यांना फक्त 'चालू' आणि 'चॅनेल' हवं असतं ते रोज जाहिरातींच्या चौकटींपुढे अडकतात. तिसऱ्यात ती होती. एचडीएमआय-सीईसी नावाची सोय चालू केल्यावर, बॉक्समध्येही ती असेल तर, टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार (टीव्हीखालचा लांबट स्पीकर) एकमेकांबरोबर चालू-बंद होतात.

किंमत

खरेदी सणात झाली आणि नेमका तेव्हाच कर बदलला होता. आधी 32 इंचापर्यंत 18 टक्के आणि त्याहून मोठ्यांना 28 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून, म्हणजे घटस्थापनेपासून, सगळ्यांना 18 टक्के झाला. 32 इंचाला 1 जानेवारी 2019 पासूनच 18 टक्के आहे, त्यामुळे त्या मापाच्या टीव्हीवर 'जीएसटी कपातीची किंमत' अशी पाटी लावण्यात काही अर्थ नव्हता, तरी ती लावलेली दिसत होती.

लोकांची समजूत अशी, की कर 10 टक्क्यांनी घटला म्हणजे किंमत 10 टक्क्यांनी उतरली. तसं होत नाही. 100 च्या मालाचे आधी 128 होत होते, आता 118. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातातली किंमत सुमारे 7.8 टक्क्यांनी कमी. अण्णांनी आयुष्यभर अडतीचे हिशेब केलेले, त्यांना हे सांगावं लागलं नाही. मुलाच्या मोबाइलमध्ये त्याच मॉडेलची ऑगस्टमधली किंमत होती, 33,600. अण्णांनी बिलाच्या पाठीवर भागाकार केला, 30,975 आलं. सेल्समन 31,900 सांगत होता, "कर कमी करूनच सांगतोय अण्णा" म्हणून. अण्णांनी कागद पुढे केला. म्हणाले, "हे बघा, आम्ही एक रुपया सूट मागत नाही. सरकारनं सोडलं तेवढं सोडा." मॅनेजर आला आणि 31,000 ला ठरलं. दुकानदाराला किंमत ठेवायचं स्वातंत्र्य आहे हे खरं, पण जुनी किंमत हातात असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणं वेगळं होतं.

'नो कॉस्ट ईएमआय' मुलाला हवा होता. त्यात व्याज दिसत नाही, पण फायनान्सवाल्यांची प्रोसेसिंग फी असते, कार्डावर घेतलं तर व्याजाच्या रकमेवरचा 18 टक्के जीएसटी गिऱ्हाइकालाच पडतो, आणि रोखीची सूट जाते. पैसे हाताशी होते, यूपीआयनं दिले.

ऑनलाइन तोच सेट थोडा स्वस्त होता. ऑनलाइनला माझा विरोध नाही, खोकं डिलिव्हरीवाल्यासमोर उघडून, टीव्ही लावून बघून मगच ओटीपी द्यायची सोय असेल तर घ्यावा. पण इथं भिंतीचं काम होतं, फिटर हाताशी हवा होता, म्हणून गावातलं दुकान.

बिल घेताना मॉडेल क्रमांक आणि सिरियल क्रमांक बिलावर, खोक्यावर आणि टीव्हीच्या पाठीवर तिन्ही ठिकाणी एकच आहे ना, ते अण्णांनी मोठ्यानं वाचून घेतलं. खोक्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापणं बंधनकारक आहे, तेही बघितलं. सणात जुना साठा निघतो. पहिलं खोकं दीड वर्षापूर्वीचं होतं, बदलून मागितलं, मिळालं. तक्रारीची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तो सुनेनं बिलाच्या फाइलवर लिहून ठेवला.

आवाज आणि वीज

पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. आवाज भिंतीवर आपटून येतो आणि शब्दांच्या कडा बोथट होतात. आजींची तक्रार "बारीक ऐकू येतं" अशी होती, आवाज वाढवला तर पार्श्वसंगीतच वाढायचं. साडेपाच हजारांचा छोटा साउंडबार घेतला, ज्यात संवाद पुढे आणणारा मोड आहे. दणदणाटाच्या सबवूफरची या घरात गरज नव्हती. माझ्या मते या खरेदीतला सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा एचडी बॉक्सचा आणि त्याच्या खालोखाल या साउंडबारचा.

आजचे टीव्ही बहुतेक 100 ते 240 व्होल्टवर चालतात, त्यामुळे कमी दाबासाठी स्टॅबिलायझर घ्यायचं फारसं कारण नाही. धोका जास्त दाबाचा. खांबावरची न्यूट्रल वायर तुटली तर घरात 230 च्या जागी 400 च्या जवळपास येऊ शकतात, आणि पूर ओसरल्यावर वीज पुन्हा सुरू होताना ही भीती जास्त. म्हणून जादा दाबाला तोडणारा प्रोटेक्टर लावला आणि अर्थिंग तपासून घेतलं. ते नावालाच होतं, नवीन करावं लागलं. वळवाच्या पावसात प्लग काढावाच, पण केबलची वायरही बॉक्समधून काढावी. आकाशातली वीज त्या वाटेनं आत येते आणि एचडीएमआयचं पोर्ट जाळते.

टीव्ही 31,000, साउंडबार, बॉक्स, ब्रॅकेट आणि फळी, प्रोटेक्टर, अर्थिंग, जुन्याची दुरुस्ती, सगळं मिळून 45 हजारांच्या आत बसलं.

त्यानंतर

पिक्चर मोड सिनेमावर ठेवला, शार्पनेस जवळजवळ शून्यावर, नॉइज रिडक्शन कमी, हालचाल गुळगुळीत करणारी मोशनची सोय मालिकांना बंद आणि मॅचपुरती थोडी. पहिले काही दिवस काकूंना चित्र पिवळट वाटलं, कारण डोळ्यांना दुकानातल्या निळसर पांढऱ्याची सवय होती. आता जुनं सेटिंग लावून दाखवलं तर त्याच नको म्हणतात. आजी खालची पट्टी दिवाणावरून वाचतात.

मुलाचं समाधान अर्धंच झालंय. रात्री दिवा बंद करून बघताना काळा राखाडी दिसतो, ते त्याचं म्हणणं रास्त आहे. टीव्हीच्या मागे भिंतीवर मंद दिवा लावून दिला, त्यानं डोळ्याला काळा जरा गडद भासतो, पण पॅनेलचा गुण बदलत नाही. 50 इंची घ्यायला हवा होता असं तो अजून म्हणतो. आजींचा दिवाण समोरच्या भिंतीला गेला तर पॅनेल मीही व्हीएच म्हणेन, पण समोरच्या भिंतीला दार आहे आणि आजींना रस्त्याकडे पाठ करून बसायचं नाही. त्यानं आता माडीवरच्या 32 इंचाच्या जागी स्वतःच्या पैशानं व्हीए पॅनेलचा एक सेट घ्यायचं काढलंय. माडीचा जिना मोजून झालाय, 50 इंची वर जात नाही, 43 जातो.